फिटची गोळी: वेळेवर द्यायची, मनानं थांबवायची नाही



"वर्षभर फिट आली नाही, मग आता गोळ्या कशाला?" बैठकीत आरोग्याचा विषय निघाला की हा प्रश्न हमखास येतो. विचारणारी कधी आई असते, कधी सासू, कधी जाऊ. उत्तर एका वाक्यात आहे: वर्षभर फिट आली नाही, ती गोळ्या चालू होत्या म्हणूनच. त्या अचानक बंद केल्या तर फिट परत येते. कधी कधी ती पहिल्यापेक्षा जोरात येते, एकामागून एक येत राहते आणि जिवावर बेतते.

कुणी फिट म्हणतं, कुणी फेफरं, कुणी आकडी, कुणी मिरगी. डॉक्टर अपस्मार किंवा एपिलेप्सी म्हणतात. जगात सुमारे ५ कोटी लोकांना हा आजार आहे. योग्य औषध मिळालं तर १०० पैकी ७० जणांच्या फिट थांबू शकतात, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणजे औषध आहे आणि ते लागूही पडतं. अडतं कुठं, तर ते रोज, ठरल्या वेळी, ठरल्या मापानं पोटात जाण्यात.

दवाखान्यात हे काम नर्स करते. तिच्याकडे तक्ता असतो, घड्याळ असतं, शिक्षण असतं. घरी हे काम आपल्याकडे येतं. शिवाय मुळशी, हवेली, भोर भागातल्या आपल्या कितीतरी जणी पुण्यात घरोघरी आजारी माणसांची सेवा करायला जातात. तिथं आजी-आजोबांच्या गोळ्यांचा डबा त्यांच्याच हातात असतो. म्हणून या अंकात नर्स ज्या गोष्टी सांभाळते, त्या घरच्या भाषेत सांगत आहोत.

गोळी काय काम करते?

मेंदूतल्या पेशी बारीक विजेच्या इशाऱ्यांनी एकमेकींशी बोलतात. फिट येते तेव्हा खूप पेशी एकदम, बेताल इशारे द्यायला लागतात. गोळी हा भडका होऊ देत नाही. पण ती आजार मुळापासून उपटत नाही. रक्तात तिचं प्रमाण पुरेसं आहे तोवरच ती राखण करते.

घरावरच्या पाण्याच्या टाकीसारखं समजा. खालून नळ चालूच असतो, म्हणजे शरीर औषध रोज बाहेर टाकत असतं. वरून रोज गोळीची भर पडली तर पातळी टिकते. एक-दोन दिवस भर पडली नाही तर टाकी रिकामी व्हायला लागते. आणि विसरलेल्या दोन गोळ्या एकदम दिल्या तर टाकी भरून वाहते. मग माणूस झोकांड्या खातो, बोलताना जीभ जड होते, डोळ्यांपुढे एकाचे दोन दिसतात.

यातली काही औषधं फार जुनी, पारखलेली आहेत. फेनोबार्बिटोन १९१२ पासून आणि फेनिटॉइन १९३८ पासून फिटसाठी वापरात आहे. नंतर कार्बामाझेपिन, व्हॅल्प्रोएट, लेव्हेटिरासेटम आली. आपल्याकडच्या पाकिटावर कंपनीचं नाव वेगळं असेल, पण खाली बारीक अक्षरात यातलंच एखादं नाव सापडेल. ते मुलीकडून, सुनेकडून वाचून घ्या आणि वहीत लिहून ठेवा.

नसांच्या दुखण्यालाही हीच औषधं

"मला फिट येत नाही, तरी डॉक्टरांनी फिटची गोळी दिली," असं सांगत काही जणी गोळी घ्यायचंच टाळतात. त्यात घाबरण्यासारखं काही नाही. साखरेच्या आजारात तळपायाची आग होते, मुंग्या येतात. नागीण बरी झाल्यावरही त्या जागी महिनोन् महिने ठणका राहतो. चेहऱ्याच्या एका बाजूला वीज चमकावी तशी कळ येते. ही दुखणी नसांची असतात. नसासुद्धा विजेच्या इशाऱ्यांवरच चालतात, म्हणून भडका शमवणारी औषधं इथंही चालतात. पायाची आग आणि नागिणीनंतरचा ठणका यासाठी बहुधा गॅबापेंटिन किंवा प्रीगॅबालिन देतात. चेहऱ्याच्या कळेसाठी कार्बामाझेपिन देतात.

ही गोळी डोकेदुखीच्या गोळीसारखी तासाभरात गुण देत नाही. डॉक्टर थोड्या मापानं सुरू करून हळूहळू वाढवतात आणि पुरता गुण यायला काही आठवडे लागतात. "चार दिवस घेतली, काही फरक नाही" म्हणून सोडू नका. दुखलं तेवढी घ्यायची, नाही दुखलं तर नाही, असंही चालत नाही. आणि बंद करायची तर तीही डॉक्टरांच्या सांगण्यानं, हळूहळू.

सुरुवातीला चक्कर आणि झोप येते. म्हाताऱ्या माणसाला रात्री लघवीला उठताना धरायला कुणीतरी हवं, कारण यात पडून खुब्याचं हाड मोडण्याची भीती असते. पायावर सूज आली तर डॉक्टरांना सांगा. किडनीचा त्रास असेल तर गोळीचं माप कमी लागतं, म्हणून ते आधीच सांगायला हवं. दारू, झोपेची गोळी किंवा जबर वेदनाशामक गोळी यांच्यासोबत या गोळ्या घेतल्या तर श्वास मंद होऊ शकतो. घरात कुणी पीत असेल तर लाजू नका, डॉक्टरांना स्पष्ट सांगा.

गोळी देताना

वेळ ठरवा. दिवसातून दोनदा असेल तर सकाळी सात आणि रात्री सात, असं बारा तासांचं अंतर ठेवा. सकाळच्या चहाशी आणि संध्याकाळच्या दिवाबत्तीशी सांगड घातली तर विसरत नाही.

माणूस पूर्ण जागा असेल, बसता येत असेल, तेव्हाच गोळी द्या. फिट चालू असताना किंवा फिटनंतर गुंगीत असताना तोंडात गोळी, पाणी, काहीही घालू नका. ते श्वासनळीत जातं.

फेनिटॉइननं मळमळत असेल तर जेवणानंतर द्या. पाकिटावर सी.आर., ई.आर. किंवा एस.आर. लिहिलेली गोळी पोटात हळूहळू विरघळण्यासाठी बनवलेली असते. ती कुटून, चावून द्यायची नाही. गिळता येत नसेल तर पातळ औषध मागा. पातळ औषधाची बाटली दर वेळी नीट हलवा, कारण औषध तळाशी बसतं. न हलवता दिलं तर सुरुवातीला कमी आणि शेवटी जास्त जातं. माप सोबतच्या टोपणानं किंवा सिरिंजनं घ्या. घरातला चमचा वापरू नका, प्रत्येक घरचा चमचा वेगळा असतो.

नाकातल्या नळीनं अन्न घेणाऱ्या रुग्णाची सेवा करणाऱ्यांनी एक गोष्ट जास्त सांभाळायची. नळीच्या अन्नासोबत फेनिटॉइन दिलं तर ते अंगाला कमी लागतं. अन्न आणि औषध यात किती वेळ सोडायचा, हे डॉक्टर किंवा नर्सकडून कागदावर लिहून घ्या.

गोळी विसरली तर आठवल्याबरोबर द्या. पुढच्या गोळीची वेळ जवळ आली असेल तर विसरलेली सोडून द्या, दोन एकदम देऊ नका. गोळी घेतल्यावर लगेच उलटी झाली तर मनानं दुसरी न देता डॉक्टरांना फोन करून विचारा.

उपवासाला गोळी चालते. नवरात्राचे नऊ दिवस असोत, चतुर्थी असो की आषाढी, पाण्याबरोबर गोळी घेतल्यानं उपवास मोडत नाही. उलट फिटच्या माणसानं कडक उपास आणि रात्रभर जागरण टाळलेलं बरं, कारण उपाशी राहणं आणि झोपमोड या दोन्हींनी फिट येऊ शकते. वारीला जाताना पूर्ण वाटेच्या गोळ्या आणि वर चार दिवसांच्या जास्त, अंगावरच्या पिशवीत ठेवा. सामानाच्या ट्रकमध्ये टाकू नका. सोबतच्या दिंडीकरणीला आजाराची कल्पना द्या.

काय दिसलं तर काय करायचं

थोडी झोप, थोडी चक्कर, मळमळ हे सुरुवातीला होतं आणि बहुधा कमी होतं. पुढच्या भेटीत सांगितलं तरी चालेल. फेनिटॉइननं हिरड्या सुजतात, वाढतात. रोज दोनदा मऊ ब्रशनं दात घासा, मिश्री लावू नका. व्हॅल्प्रोएटनं वजन वाढतं, केस गळतात. लेव्हेटिरासेटमनं काही जण चिडचिडे होतात. सून किंवा मुलगी एकाएकी रागीट झाली तर स्वभावाला दोष देण्याआधी गोळीकडे बघा.

पण पुढच्या गोष्टी दिसल्या तर वाट बघू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा:

• अंगावर लाल पुरळ, तोंडात किंवा डोळ्यांत फोड, सोबत ताप. विशेषतः नवी गोळी सुरू केल्यावर पहिल्या दोन महिन्यांत. कार्बामाझेपिन, फेनिटॉइन, लॅमोट्रिजिन यांनी क्वचित अंगाची साल निघण्यापर्यंत मजल जाते. "उष्णता झाली" म्हणून घरी थांबू नका.
• डोळे पिवळे होणं, सारख्या उलट्या, जेवणावरची वासना उडणं, खूप गुंगी.
• झोकांड्या, एकाचे दोन दिसणं, जीभ जड होणं. म्हणजे टाकी भरून वाहतेय.
• म्हाताऱ्या माणसाची एकाएकी भ्रमिष्टासारखी बडबड. कार्बामाझेपिननं रक्तातलं मीठ कमी होऊ शकतं.
• उदास बसणं, जीव नकोसा झाल्याची भाषा. या सगळ्याच औषधांनी काही जणांच्या मनावर असा परिणाम होऊ शकतो. त्या माणसाला एकटं सोडू नका.

दुसरी औषधं सोबत असतील तर

फिटच्या गोळ्या दुसऱ्या औषधांशी भांडतात. टीबीची औषधं हे त्याचं मोठं उदाहरण. त्यातलं एक औषध फेनिटॉइनची पातळी वाढवतं, दुसरं कमी करतं. म्हणून टीबीच्या डॉक्टरांना फिटच्या गोळ्या दाखवा आणि फिटच्या डॉक्टरांना टीबीच्या. ॲसिडिटीचं औषध आणि गॅबापेंटिन यात दोन तासांचं अंतर ठेवा.

कुटुंबनियोजनाची गोष्ट तर फार कमी जणींना ठाऊक असते. फेनिटॉइन, कार्बामाझेपिन किंवा फेनोबार्बिटोन चालू असेल तर माला-एन सारख्या पाळणा लांबवणाऱ्या गोळ्यांचा जोर कमी पडतो. गोळी रोज घेऊनही दिवस राहू शकतात. अशा बाईसाठी तांबी चांगली. आणखी काय चालेल हे आशाताईला किंवा डॉक्टरांना विचारा.

लग्न, बाळंतपण आणि लपवाछपवी

आपल्याकडे मुलीला फिट येत असेल तर लग्न जमताना लपवतात. मग सासरी गोळी उघड घेता येत नाही, चोरून घ्यावी लागते, चुकते, आणि फिट येते. म्हणजे लपवल्यामुळेच आजार उघडा पडतो, तोही सर्वांत वाईट वेळी. पूर्वी हिंदू विवाह कायद्यातही फिटचा आजार लग्नाच्या आड येत होता. १९९९ च्या दुरुस्तीनं तो शब्द कायद्यातून काढला. कायद्यानं मान्य केलं, आता घरांनी मान्य करायचं आहे.

आपल्या पुण्यात यशोदा वाकणकर यांनी संवेदना फाउंडेशन हा एपिलेप्सीचा स्वमदत गट सुरू केला. त्यांनी स्वतः हा आजार सोसला आहे. तिथं रुग्ण आणि घरचे एकत्र बसून मोकळं बोलतात. आपण बचत गटात पैशाच्या अडचणी जशा लाज न बाळगता मांडतो, तसंच हे.

लग्न ठरलं, मूल हवं असं वाटलं, की दिवस राहण्याआधीच डॉक्टरांना भेटायचं. यात सर्वांत महत्त्वाचं औषध व्हॅल्प्रोएट. गरोदरपणी ते चालू असेल तर १०० पैकी सुमारे १० बाळांमध्ये जन्मतः व्यंग दिसतं आणि ३० ते ४० मुलांची वाढ, बोलणं, शिकणं मागे पडू शकतं. म्हणून वयात आलेल्या मुलीला हे औषध चालू असेल तर दुसरं देता येईल का, हे आजच विचारा. पण नीट ऐका: हे वाचून उद्या गोळी बंद करू नका. दिवस राहिलेल्या बाईला जोराची फिट आली तर आई आणि बाळ दोघांच्याही जिवाला धोका असतो. औषध बदलायचं ते डॉक्टरांनीच. फॉलिक ॲसिडची गोळी दिवस राहण्याआधीपासून सुरू करायची, तिचं मापही त्यांनाच विचारा.

बहुतेक फिटच्या औषधांवर असताना बाळाला अंगावर पाजता येतं. फेनोबार्बिटोन चालू असेल तर बाळ फार झोपाळू आहे का, दूध नीट ओढतंय का, हे बघा. रात्री बाळाला सांभाळायला घरातलं दुसरं कुणीतरी हवं, म्हणजे आईची झोप होईल. बाळंतिणीची झोप हेही औषधच आहे.

फिट आलीच तर

घड्याळ बघा. डोक्याखाली मऊ काहीतरी ठेवा, गळ्याजवळचे कपडे सैल करा, चूल, विळी, पाणी यांपासून दूर करा. झटके थांबले की कुशीवर वळवा, म्हणजे लाळ बाहेर येईल. हातपाय दाबून धरू नका. दातांत चमचा घालू नका. कांदा, चप्पल हुंगवू नका, हातात लोखंड देऊ नका. फिट आपोआप थांबते आणि कांद्याला फुकटचं श्रेय मिळतं.

पाच मिनिटांत थांबली नाही, एक संपून शुद्धीवर येण्याआधी दुसरी आली, पाण्यात असताना आली, डोक्याला मार लागला, किंवा बाई गरोदर असेल, तर लगेच १०८ ला फोन करा. आयुष्यात पहिल्यांदाच फिट आली असेल तरी त्याच दिवशी दवाखान्यात न्या.

एक वही घाला

पासबुकासारखीच एक वही. डाव्या पानावर औषधाचं नाव, माप, वेळ आणि रोजची खूण. उजव्या पानावर फिट कधी आली, किती वेळ टिकली, कोणत्या बाजूनं सुरू झाली, शुद्ध होती का, आदल्या दिवशी गोळी चुकली होती का, झोप झाली होती का, पाळी होती का. घरात कुणाच्या हाती मोबाईल असेल तर फिटचं चित्रण करून ठेवा. डॉक्टरांसमोर फिट क्वचितच येते. ते चित्रण दहा वाक्यांपेक्षा जास्त सांगतं.

ससूनला किंवा पुण्यातल्या दुसऱ्या मोठ्या दवाखान्यात जायचं म्हणजे एक दिवसाची मजुरी आणि एसटीचं भाडं जातं. म्हणून जाताना वही, सगळे जुने कागद, चालू गोळ्यांची पाकिटं आणि दुसऱ्या आजारांच्या गोळ्या एकाच पिशवीत न्या. अर्ध्या कागदांवर गेलेली फेरी वाया जाते. परत निघताना तीन गोष्टी विचारल्याशिवाय उठू नका: माप बदललं का, पुढं कधी यायचं, आणि मधल्या काळात कुणाला फोन करायचा.

गोळ्या सात दिवसांच्या उरल्या की नव्या आणायच्या, शेवटच्या गोळीपर्यंत थांबायचं नाही. आधी प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारा. विकत घ्यायच्या तर जनऔषधी केंद्रात त्या स्वस्त मिळतात. पण दर महिन्याला कंपनी बदलत राहू नका. बदलावीच लागली तर डॉक्टरांना सांगून बदला. पैशाअभावी गोळी खंडित होत असेल तर गटातून छोटं अंतर्गत कर्ज घ्यायला संकोच नको. बी-बियाण्याला आपण कर्ज देतो, तसं गोळीला द्यायला काय हरकत?

गोळ्या कधी थांबणार? फिट न येता साधारण दोन वर्षं किंवा जास्त गेली की डॉक्टर विचार करतात. थांबवायचं ठरलं तरी माप महिनोन् महिने हळूहळू उतरवतात. काही जणांना त्या कायम लागतात. रक्तदाबाची गोळी कायम घेणाऱ्याला आपण नावं ठेवत नाही, मग फिटच्या गोळीला का ठेवायची?

या महिन्याच्या बैठकीत हे पान मोठ्यानं वाचा. मग प्रत्येकीनं आपल्या वाडीतलं एक घर आठवायचं, जिथं फिटच्या किंवा नसांच्या दुखण्याच्या गोळ्या चालू आहेत किंवा मध्येच बंद पडल्यात. तिथं जाऊन एवढंच विचारायचं: "ताई, आजची गोळी झाली का?"